मार्केट यार्डातला कांदा आणि तुमचं लिंक्डइन प्रोफाइल



पीएचडीच्या पहिल्या वर्षापासून मी महिन्यातून एक-दोनदा पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाते. माझा विषय आहे साठवणीतल्या कांद्यावर येणारी काळी बुरशी. त्यामुळे नमुने गोळा करायला कांदा-बटाटा विभागाइतकी सोयीची जागा पुण्यात दुसरी नाही. रविवारी आवक जास्त, म्हणून शक्यतो रविवारीच.

सुरुवातीला मी गाळ्यासमोरच्या थप्पीतली वरचीच पिशवी मागायचे. एका आडत्या काकांनी दोन-तीन खेपा ते पाहिलं आणि म्हणाले, "ताई, वरची पिशवी सगळ्यांचीच चांगली असते. तुम्हाला खरा माल बघायचाय ना? मग मधली ओतायला सांगा." नंतर लक्षात आलं की जुने खरेदीदारही तेच करतात. मधली एक पिशवी ओततात, चार कांदे हातात घेऊन दाबून बघतात, एखाद्याचं साल काढतात, आणि मगच भावाचं बोलतात. अख्खी गाडी तपासायला वेळ कोणालाच नसतो. मूठभर मालावरून गाडीचा अंदाज बांधायचा. यालाच आपण वानगी म्हणतो.

आज हे सांगायचं कारण म्हणजे गेल्या महिन्याभरात पाच-सहा ज्युनियर मुलामुलींनी मला एकच प्रश्न विचारला: "लिंक्डइनवर काय लिहू? माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीच नाही." त्यांचे प्रोफाइल उघडून पाहिले. सगळे वरच्या पिशवीसारखे होते. चकचकीत, आणि एकमेकांसारखे. माझं प्रोफाइलही बरीच वर्षं तसंच होतं, आणि त्याची किंमत मी मोजली आहे. तिथूनच सुरुवात करते.

माझं काय चुकलं

तिसऱ्या वर्षात एका चर्चासत्रात चहाच्या रांगेत एक शास्त्रज्ञ मॅडम भेटल्या. माझं पोस्टर बघून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तू पुण्यातच होतीस? गेल्या वर्षी आमच्याकडे कांदाचाळीचा प्रकल्प सुरू होता. बुरशी नीट ओळखू शकेल असं कोणीतरी हवं होतं. लिंक्डइनवर बराच शोध घेतला आम्ही." त्यांच्याकडे चाळीतले सहा महिन्यांचे नमुने होते, दर पंधरवड्याला काढलेले, तापमान आणि आर्द्रतेच्या नोंदींसकट. असे नमुने मिळावेत म्हणून मी पुढे स्वतः एक पूर्ण हंगाम खर्ची घातला.

त्या वेळी माझ्या प्रोफाइलच्या पहिल्या ओळीत काय होतं माहितीये? "पीएचडी स्कॉलर, विज्ञानाची आवड, निसर्गप्रेमी, आजन्म विद्यार्थिनी." त्यात 'कांदा' नाही, 'बुरशी' नाही, 'साठवण' नाही. मग शोधणाऱ्याला मी सापडणार कशी?

सीएसआयआर-यूजीसीची फेलोशिप पहिली दोन वर्षं जेआरएफ आणि पुढे एसआरएफ मिळून जास्तीत जास्त पाच वर्षं मिळते. जानेवारी 2023 पासूनचे दर दरमहा 37,000 आणि 42,000 रुपये आहेत. घरभाड्याचा भत्ता वेगळा. ऐकायला बरं वाटतं, पण ही घड्याळ लावलेली रक्कम आहे. माझी पाच वर्षं आता संपत आली आहेत. वाया गेलेला तो एक हंगाम मला आज रोज आठवतो.

वशिला वेगळा, ओळख वेगळी

नेटवर्किंग म्हटलं की आपल्याला आधी वशिला आठवतो. 'आपण नाही बुवा त्यातले' म्हणून अनेक हुशार मुलं प्रोफाइल बनवतच नाहीत. म्हणून आधी संशोधन काय सांगतं ते बघू.

1973 साली मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 'अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी'मध्ये एक लेख लिहिला. दुबळ्या संबंधांचं बळ हा त्याचा विषय. बोस्टनजवळ नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारलं: ज्या ओळखीतून ही नोकरी कळली, त्या माणसाला तुम्ही त्या काळात किती वेळा भेटत होता? ओळखीतून नोकरी मिळालेल्या 54 जणांपैकी 'वारंवार' म्हणणारे फक्त 16.7 टक्के निघाले. 'अधूनमधून' म्हणणारे 55.6 टक्के, आणि 'क्वचित' म्हणणारे 27.8 टक्के.

कारण विचार केला तर सोपं आहे. हॉस्टेलच्या एका खोलीत राहणाऱ्या चौघींना एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवरून एकच जाहिरात कळते. जवळची माणसं जीव लावतात, पण त्यांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी येते ती थोड्या लांबच्या माणसाकडून, कारण त्याचं वर्तुळ वेगळं असतं.

अर्थात 54 हा आकडा छोटा आहे. शिवाय इथे एक अडचण आहे, आणि संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने ती ओळखायला शिकलं पाहिजे. नुसत्या निरीक्षणातून कारण सिद्ध होत नाही. कदाचित ज्यांना नोकरी सहज मिळते अशाच लोकांच्या ओळखी जास्त असतील. नंतरच्या काही मोठ्या अभ्यासांत तर जवळचे संबंधच जास्त उपयोगी दिसले. मग खरं काय?

याचं उत्तर शोधणारा प्रयोग सप्टेंबर 2022 मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. लिंक्डइन, एमआयटी, हार्वर्ड आणि स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी तो मांडला. लिंक्डइनवर 'तुम्ही यांना ओळखत असाल' अशी एक यादी येते ना, ती सुचवणारी पद्धत वेगवेगळ्या लोकांसाठी यादृच्छिकपणे बदलली गेली. काहींना जवळच्या वर्तुळातली नावं जास्त दिसली, काहींना लांबची. पाच वर्षांत दोन कोटींहून जास्त लोक यात होते. त्या काळात सुमारे 200 कोटी नवे संबंध जोडले गेले आणि सहा लाख नोकऱ्यांची नोंद झाली. कोणाला कुठली यादी दिसणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरल्यामुळे इथे कार्यकारणाबद्दल बोलता येतं.

निष्कर्ष मजेशीर आहे. नोकरी बदलायला सगळ्यात जास्त मदत झाली ती मध्यम दुबळ्या संबंधांची. म्हणजे अगदी जिवलग नव्हे आणि पूर्ण परकेही नव्हेत. मोजकेच सामाईक परिचित असलेली माणसं. सामाईक परिचित फार वाढले की उपयोग पुन्हा कमी होतो. आलेख उलट्या यू अक्षरासारखा दिसतो. आणखी एक बारकावा: डिजिटल कामं जास्त असलेल्या उद्योगांत दुबळे संबंध उपयोगी पडले, तर इतर क्षेत्रांत घट्ट संबंधांचा फायदा जास्त दिसला.

या प्रयोगावर आक्षेपही घेतला गेला. इतक्या लोकांना आपण प्रयोगात आहोत हे स्पष्टपणे माहीत नव्हतं. तो वाद वाचण्यासारखा आहे. आणि हा अभ्यास भारतातल्या पीएचडी प्रवेशांवर किंवा प्रोजेक्टच्या जागांवर केलेला नाही, त्यामुळे तो जसाच्या तसा इथे लावू नका. पण दिशा दाखवायला तो पुरेसा आहे.

मला स्वतःला यात मोठा दिलासा वाटतो. माझ्या घरी पीएचडी म्हणजे नेमकं काय, हे मी प्रवेश घेतल्यावर सगळ्यांना कळलं. माझ्या नात्यागोत्यात एकही शास्त्रज्ञ नाही. जवळच्या माणसांवरच सगळं अवलंबून असतं, तर माझ्यासारख्यांचा खेळ सुरू होण्याआधीच संपला असता. पण मध्यम दुबळे संबंध आपल्या सगळ्यांकडे असतात: दोन बॅच पुढचा सीनियर, कार्यशाळेत शेजारच्या टेबलावर काम केलेली मुलगी, एमएस्सीच्या तोंडी परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षक, पोस्टर सत्रात शेजारी उभा असलेला मुलगा. त्यांच्यापैकी कोणाला कधीतरी तुमची आठवण झाली, तर ते पुढे काय पाठवणार? एक लिंक. ती उघडल्यावर जे दिसतं, ते म्हणजे तुमचं प्रोफाइल.

म्हणून माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. प्रोफाइल ही जाहिरात नाही, वानगी आहे. तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाला ती सापडली पाहिजे आणि तपासता आली पाहिजे. पुढचं सगळं याच दोन गोष्टींसाठी.

आधी नाव एक करा

सापडण्याची सुरुवात नावापासून होते, आणि आपल्याकडे गोंधळ तिथेच जास्त आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. पहिल्या पेपरचा फॉर्म भरताना आपण गुणपत्रिकेसारखं नाव टाकतो आणि जर्नल शेवटचा शब्द आडनाव समजतं. झालं! पेपर वडिलांच्या नावावर नोंदला जातो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. लग्नानंतर नाव बदललं की आणखी एक फाटा फुटतो.

कमला सोहोनींचं उदाहरण घ्या. 1939 साली केंब्रिजमधून पीएचडी मिळवलेल्या या जीवरसायनशास्त्रज्ञाचं वनस्पतींमधल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचं सुरुवातीचं काम भागवत या माहेरच्या आडनावाने आहे, आणि पुढे मुंबईत नीरेवर वगैरे केलेलं काम सोहोनी या आडनावाने. ज्याला हे माहीत नाही, त्याला ती दोन वेगळी माणसं वाटतील.

त्यांच्या काळी यावर इलाज नव्हता. आज आहे, आणि तो फुकट आहे: ऑर्किड. 2012 मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेत प्रत्येक संशोधकाला 16 अंकी ओळख क्रमांक मिळतो. नाव बदलो, संस्था बदलो, क्रमांक तोच. तुमच्या नावाची इतर रूपंही तिथे नोंदवता येतात. नोंदणीला पाच मिनिटं लागतात आणि त्यासाठी पीएचडीत असण्याची अट नाही. एमएस्सीतच काढून ठेवा.

दोन सूचना. एक, नावाचं एकच रूप आणि एकच स्पेलिंग ठरवा आणि ते सगळीकडे तेच वापरा: पेपर, पोस्टर, ईमेल, लिंक्डइन. दुसरी, खातं उघडताना संस्थेच्या ईमेलबरोबर स्वतःचा खासगी ईमेलही जोडा. पदवी झाल्यावर संस्थेचा ईमेल बंद होऊ शकतो, आणि नेमकी नोकरी शोधायच्या वेळी आपल्याच खात्याला कुलूप लागतं.

पहिली ओळ: शोधणाऱ्याचे शब्द

लिंक्डइनवर नावाखाली जी ओळ असते तिला हेडलाइन म्हणतात. तिथे 220 अक्षरं मावतात. त्यातली पहिली काहीच फोनवर दिसतात, त्यामुळे कामाचे शब्द सुरुवातीला हवेत. सूत्र साधं आहे: कशावर काम, कोणत्या पद्धतीने, आता काय शोधताय.

माझी ओळ मी इंग्रजीत लिहिली आहे. तिचा आशय असा: "साठवणीतल्या कांद्यावरील बुरशी, ॲस्परजिलसची डीएनएवरून ओळख, विषद्रव्यांची तपासणी, पीएचडी अंतिम वर्ष, पुणे, अन्नसुरक्षेच्या क्षेत्रात संधीच्या शोधात." यात एकही विशेषण नाही, हे बघा. 'मेहनती', 'उत्साही', 'ध्येयवेडा' हे शब्द कोणी शोधत नाही. 'पीसीआर', 'कांदा', 'पुणे' हे शब्द लोक शोधतात.

एमएस्सीत असाल तर? समजा रसायनशास्त्रात आहात आणि प्रोजेक्ट नदीच्या पाण्यातल्या जड धातूंवर होता. मग लिहा: "पाण्यातील शिसे आणि कॅडमियमचं मापन, ॲटॉमिक ॲबसॉर्प्शन स्पेक्ट्रोस्कोपी, एमएस्सी विश्लेषणात्मक रसायनशास्त्र, पीएचडीच्या शोधात." सहा महिन्यांचा प्रोजेक्ट असला तरी चालेल. तो तुम्ही केलाय ना, मग लिहायला लाजायचं कशाला?

स्वतःविषयी: चार परिच्छेद पुरेत

'अबाउट' या भागात 2,600 अक्षरं मावतात. मावतात म्हणून भरायची नाहीत. मी चार छोट्या परिच्छेदांत लिहिते.

पहिला, प्रश्न: मी नेमकं काय शोधतेय आणि ते कोणाच्या उपयोगाचं आहे. माझ्यासाठी: कांदा साठवणीत काळा का पडतो, आणि त्यावरच्या बुरशींपैकी कोणत्या विषद्रव्य तयार करतात. मार्केट यार्डातल्या आडत्या काकांना समजेल इतकं सोपं लिहायचं. त्यांना सांगून बघितल्यावर माझा हा परिच्छेद निम्म्याने कमी झाला.

दुसरा, हाताला येणारी कामं: नमुने घेणं, बुरशी वाढवणं, डीएनए काढणं, पीसीआर, आकडेवारीसाठी आर. इथे प्रामाणिकपणे दोन गट करा, 'स्वतंत्रपणे करू शकते' आणि 'मदतीने केलं आहे'. एका मुलाच्या प्रोफाइलवर तेवीस तंत्रांची नावं होती. मुलाखतीत त्यातल्या एकाविषयी साधा प्रश्न आला आणि तो अडखळला. मग बाकीच्या बावीसवर कोण विश्वास ठेवणार? मधली पिशवी कोणीतरी ओततंच.

तिसरा, निकाल: काय सापडलं, किंवा काय सापडलं नाही. आमच्याकडच्या काळ्या ॲस्परजिलसच्या जाती नेहमीच्या आयटीएस भागावरून नीट वेगळ्या होत नव्हत्या, म्हणून कॅल्मोड्युलिन जनुकाकडे वळावं लागलं. हे मी लिहिलंय. अडलं कुठे आणि मार्ग कसा काढला, हे वाचून जाणकार माणूस ओळखतो की हिने स्वतः काम केलंय.

चौथा, आता काय हवंय: कोणत्या प्रकारचं काम, कधीपासून, कुठे.

भाषेची भीती अनेकांना वाटते. माझा उपाय सांगते. आधी मराठीत लिहा, मोठ्याने वाचा, मग छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत उतरवा. एआयकडून शुद्धलेखन जरूर तपासून घ्या, पण अख्खा मजकूर लिहून घेऊ नका. तो गुळगुळीत येतो आणि शेजारच्याचाही तसाच येतो. लिंक्डइन आता मराठीतही दिसतं आणि दुसऱ्या भाषेत समांतर प्रोफाइल ठेवण्याची सोय आहे. शेतकरी उत्पादक कंपन्या, कृषी विस्तार किंवा विज्ञानलेखन या क्षेत्रांत जायचं असेल तर मराठी प्रोफाइल जरूर ठेवा.

फोटोविषयी फार विचार करू नका. दिवसाच्या उजेडात, साध्या भिंतीसमोर, चेहरा स्पष्ट दिसेल असा मोबाइलवर काढलेला फोटो पुरतो.

"पण माझा एकही पेपर नाही"

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. पेपर हाच एकमेव पुरावा नाही. तपासता येईल असं काहीही पुरावा असतं.

एमएस्सीचा प्रबंध दोन पानांत मांडा. परिषदेतलं पोस्टर झेनोडोवर ठेवा. सर्न या संस्थेत चालणारं हे मोफत भांडार आहे. तिथे ठेवलेल्या प्रत्येक गोष्टीला डीओआय मिळतो, म्हणजे कायमचा पत्ता. आकडेमोडीचा कोड लिहिला असेल तर गिटहबवर ठेवा, सोबत तो कशासाठी आहे हे सांगणाऱ्या चार ओळी हव्यात. एखादं तंत्र शिकलात तर त्याची पायरीवार टिपणं लिहा. प्रमाणपत्रांच्या वीस फोटोंपेक्षा असं एक टिपण जास्त बोलतं.

एक गोष्ट मात्र अजिबात विसरू नका: आधी गाइडची परवानगी. माहिती प्रयोगशाळेची असते, एकट्याची नसते. आणि कामात पेटंटची शक्यता असेल तर अर्जाआधी उघड केल्याने त्याचं नवेपण जाऊ शकतं. दोन लाइक्ससाठी लॅबचं नुकसान करू नका.

कुठे काय ठेवायचं

सगळीकडे खाती उघडून अर्धवट सोडण्यापेक्षा मोजकी नीट ठेवा. प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

ऑर्किड म्हणजे ओळखपत्र. ते सगळ्यांनी आधी करायचं.

लिंक्डइन म्हणजे दुकानाचा दर्शनी भाग. कंपन्या, स्टार्टअप आणि आता अनेक प्रयोगशाळाही इथे माणसं शोधतात. प्रोफाइलचा पत्ता बदलून त्यात तुमचं नाव येईल असा करून घ्या, म्हणजे बायोडेटावर नीट दिसतो.

गूगल स्कॉलरचं प्रोफाइल पहिला पेपर आल्यावर करा. संस्थेच्या ईमेलने पडताळणी केल्याशिवाय ते शोधात दिसत नाही. तिथे कधीकधी नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे पेपर आपल्या नावावर येतात, ते काढून टाका. न काढणं म्हणजे दुसऱ्याचा माल आपल्या गाळ्यावर विकणं.

रिसर्चगेटवर प्रश्न विचारता येतात, पेपर मागता येतात. पण जर्नलची अंतिम पीडीएफ तिथे बिनधास्त चढवू नका. एल्सेव्हियर आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी 2017 मध्ये याच कारणावरून रिसर्चगेटला जर्मनीत कोर्टात खेचलं होतं. 2023 मध्ये तडजोड झाली. कोणती प्रत ठेवायला परवानगी आहे, ते प्रत्येक जर्नलच्या धोरणात लिहिलेलं असतं.

आपल्याकडच्या दोन गोष्टी अनेकांना माहीत नसतात. दोन्ही गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या आहेत. 'विद्वान' या भांडारात देशभरातल्या प्राध्यापकांची आणि शास्त्रज्ञांची माहिती असते. गाइड शोधताना तिथे विषयाप्रमाणे बघा. आणि 'शोधगंगा'वर विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध असतात. ज्या गाइडकडे जायचंय, त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध तिथे वाचा. एक दिवस तुमचाही प्रबंध तिथे असेल, आणि कोणीतरी तो अशीच मधली पिशवी ओतून बघेल.

अनोळखी माणसाला लिहिताना

प्रोफाइल नुसतं बनवून बसलं तर लग्नाचा हॉल सजवून पत्रिकाच न वाटल्यासारखं होईल. लिहावं लागतं. आणि इथे आपली गाडी अडते: "मी कोण त्यांना लिहिणारी?"

16 जानेवारी 1913 ला मद्रास पोर्ट ट्रस्टमधल्या एका कारकुनाने केंब्रिजच्या जी. एच. हार्डींना पत्र लिहिलं. पदवी नाही, हे त्याने सरळ सांगितलं. नोकरी कोणती, तेही सांगितलं. आणि सोबत स्वतःच्या प्रमेयांची पानं जोडली. श्रीनिवास रामानुजन हे नाव तेव्हा हार्डींना माहीत नव्हतं, पण पानं तपासता येत होती. हार्डी आणि लिटलवुड यांनी ती तपासली, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. कमी माहीत असलेली गोष्ट अशी की त्याआधी रामानुजन यांनी केंब्रिजच्याच बेकर आणि हॉब्सन या दोघांना लिहिलं होतं आणि तिथून काहीच मदत झाली नव्हती.

आपण रामानुजन नाही, हे मान्य. पण पत्राची बांधणी उचलायला काय हरकत आहे? मी कोण, मी काय केलंय, हा त्याचा नमुना, तुमच्याकडून मला नेमकं काय हवंय. चार वाक्यं. मी एका मॅडमना लिहिलेला निरोप असा होता:

"नमस्कार मॅडम. मी पुण्यात कांद्यावरील काळ्या बुरशीवर पीएचडी करते. विषद्रव्यांच्या मापनावरचा तुमचा पेपर वाचला. त्यातल्या नमुना धुण्याच्या पायरीविषयी एक शंका आहे. माझं पोस्टर सोबतच्या लिंकवर आहे. सवडीने दोन ओळींत सांगू शकाल का?"

नोकरी मागितली नाही. बायोडेटा जोडला नाही. 'आदरणीय सर/मॅडम' असं छापील पत्र शंभर जणांना पाठवलं नाही. उत्तर नवव्या दिवशी आलं. त्याच महिन्यात इतर सहा जणांना लिहिलं होतं, त्यातल्या चौघांनी काहीच कळवलं नाही. मनाला लावून घ्यायचं नाही. दोन आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण करायची, आणि मग सोडून द्यायचं. कोणी मदत केली तर पुढे काय झालं हे नक्की कळवा. ओळख टिकते ती तिथे.

थोडं जपून

नोकरीच्या नावाखाली कोणी पैसे मागितले, 'नोंदणी शुल्क' किंवा 'सिक्युरिटी डिपॉझिट' म्हणालं, की तिथेच थांबा. सरकारी संशोधन संस्था प्रोजेक्टच्या जागांची जाहिरात स्वतःच्या वेबसाइटवर देतात. लिंक्डइनवर दिसलेली प्रत्येक जागा तिथे जाऊन पडताळा. आधार, जन्मतारीख, गुणपत्रिकांचे फोटो, घरचा पत्ता यातलं काहीही प्रोफाइलवर नको. मुलींनो, फोन नंबरही नको, ईमेल पुरे.

आणि तुलना करू नका. तिथे सगळे आपली वरची पिशवीच दाखवतात. रोज तास-दीड तास दुसऱ्यांची यशं बघून स्वतःला कमी लेखण्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास ठरवून बसा. बाकी वेळ लॅबमध्ये घालवा, कारण ओतायला पिशवीत माल तर हवा!

या रविवारी करायचं काम

एका बैठकीत होईल एवढंच सांगते. नावाचं एक रूप ठरवा आणि ऑर्किड काढा. हेडलाइनमधली सगळी विशेषणं खोडा आणि त्या जागी विषय, पद्धत आणि गाव लिहा. तपासता येईल असा एक पुरावा जोडा. आणि गेल्या दोन वर्षांत एकदाच भेटलेल्या, पण काम आवडलेल्या तीन माणसांना चार-चार ओळी लिहा.

मग तुमच्या विषयाशी काही संबंध नसलेल्या एखाद्या माणसाला प्रोफाइल वाचायला द्या आणि विचारा, "मी काय करते, सांगा बरं?" मी आडत्या काकांना विचारलं होतं. चष्मा वर करून त्यांनी फोनवर वाचलं आणि म्हणाले, "कांदा का सडतो ते तू शोधतेस. मग एवढं इंग्रजी कशाला?"

त्यांना ते कळलं, माझं काम झालं. पुढच्या रविवारी त्यांनीच एका शीतगृहवाल्या ओळखीच्यांचा नंबर दिला. "त्यांचा माल लागतोय," म्हणाले, "बोलून बघ." सामाईक परिचित एकच, ओळख अगदी नवी. नोकरी होईल की नाही माहीत नाही, पण बोलणं सुरू झालंय.